मॉडेलचा जुना रंग उतरवायचा तर

हार्डवेअरच्या दुकानात रंग काढायचं औषध मागितलं की समोर येते थिनरची बाटली. ती तिथेच राहू द्या. जोडायच्या प्लास्टिक विमानांच्या किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. थिनरमधलं टोल्युइन आणि नेलपेंट रिमूव्हरमधलं ॲसिटोन रंगासोबत त्यालाही विरघळवतं. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचा, बुजल्या की गेल्या.

आधी रंग ओळखा. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून विमानाच्या पंखाखाली अर्धा मिनिट घासा. बडला रंग लागला तर बहुधा ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा), नाहीतर इनॅमल (तेलाचा) असण्याची शक्यता जास्त.

ॲक्रिलिकला हेच अल्कोहोल पुरतं. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, ‘आयपीए’ म्हटलं की कळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. ७० टक्क्यांचं चालतं, पण वेळ खातं. १/७२ मापाच्या (खऱ्याच्या ७२ पट लहान) लढाऊ विमानाला चपट्या डब्यात अर्धा लिटर पुरे. डबा काचेचा किंवा तळाशी ५ आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा. कॉकपिटचं पारदर्शक झाकण आधी काढा, अल्कोहोलनं त्याला बारीक तडे जाऊ शकतात. तामिया कंपनीचा रंग लवकर सुटतो, वॅलेहो कंपनीच्या रंगाला कधी रात्रभर लागते. मऊ टूथब्रश द्रवातच चालवा. भाग बाहेर काढून घासलात तर सुटलेला रंग वाळून पुन्हा खाचांत बसतो.

डेटॉलही चालतं, पण पाणी न घालता. भिजलेला भाग थेट नळाखाली धरला की सुटलेला रंग डांबरासारखा चिकटतो. आधी ताज्या डेटॉलमध्ये खंगाळा, मग साबण-पाणी.

इनॅमलसाठी कॉस्टिक सोडा. प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर थंड पाणी, त्यात ३० ग्रॅम सोडा थोडाथोडा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. हातमोजे आणि डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचं भांडं वापरलं तर हायड्रोजन वायू सुटतो. सोडा इनॅमलमधल्या तेलाचा साबण करतो, म्हणून रंग सुटतो. पॉलिस्टायरीनला ढिम्म काही होत नाही. ब्रेक ऑइलनंही रंग निघतो, पण जास्त वेळ ठेवलं तर जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि सांधे सुटतात. ते अगदी शेवटी.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम सकाळीच, सावलीतल्या बाल्कनीत. आयपीएची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे इथे डिसेंबरच्या दुपारीसुद्धा धोका आहेच. कूलरच्या बटणाची ठिणगी, देवघरातला दिवा, गॅस, सगळं लांब हवं. धुतलेले भाग वाळवायला गच्चीवर नेऊ नका. तापलेल्या स्लॅबवर शेपटीचे पातळ भाग वाकतात. घरात पंख्याखाली ठेवा.

लाल रंगाची छटा कधी प्लास्टिकमध्ये उतरते. तिला घासत बसू नका, प्रायमर (नव्या रंगाआधी मारायचा अस्तराचा थर) ती झाकतो. नखाला रंगाची कड लागत असेल तर मात्र प्रायमर मारायची घाई नको, भाग पुन्हा डब्यात टाका.