पाताळेश्वराच्या अंगणात मोबाइलवरचा खेळ : माझा अनुभव

सहावीच्या मुलांना पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे दाखवायला नेले, की दहा मिनिटांत त्यांचे पाहणे संपते, हे मी वर्षानुवर्षे अनुभवत होते. म्हणून यंदा तेथे फिरत फिरत खेळायचा मोबाइलवरचा खेळ स्वतःच तयार करायचे मी ठरवले. संरक्षित स्मारकाच्या दगडावर क्यूआर कोडचे कागद चिकटवणे मला मान्य नव्हते, त्यामुळे जीपीएसवर चालणारे साधन हवे होते. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाने तयार केलेले टेलब्लेझर हे असे साधन विनामूल्य आहे. त्यात संगणकावरील नकाशावर ठिकाणे मांडायची आणि मुले तेथे पोहोचल्यावर काय घडावे, ते रंगीत ठोकळे जोडून ठरवायचे. ठोकळ्यांवरचे शब्द इंग्रजीत आहेत, पण प्रश्न मी मराठीत लिहिले.

घरी बसून घेतलेली चाचणी सुरळीत पार पडली. एका रविवारी सकाळी भाचीला घेऊन लेण्यावर गेले, तेव्हा मात्र नंदीमंडपापाशी उभ्या असलेल्या तिच्या फोनवर पलीकडच्या झाडाखालचा प्रश्न उघडला. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस साधारण 5 मीटर चुकू शकतो, झाडांखाली ही चूक वाढते आणि मी तर दोन ठिकाणे आठ-दहा पावलांवर ठेवली होती. लेण्याच्या आत खडकाआड उपग्रहांचा संकेतच नीट पोहोचत नाही. मग अंगणातली ठिकाणे मी लांब लांब नेली आणि आतला प्रश्न जागेवर अवलंबून न ठेवता सांकेतिक शब्द टाकल्यावरच उघडेल असा केला.

खरा वेळ गेला तो प्रश्न लिहिण्यात. ‘हे लेणे कोणत्या शतकातील?’ या प्रश्नासाठी मुलांना फोनवरून मान वर करावी लागत नाही, म्हणून तो काढून टाकला आणि त्याजागी लिहिले : ‘नंदीमंडपाचा खांब जमिनीला कुठे जोडला आहे, ते शोधा.’

सहलीच्या दिवशी सहा-सहा मुलांच्या गटात एक याप्रमाणे पालकांचे पाच फोन होते. एक मुलगा सरळ पालथा पडला, खांबाच्या तळाशी बोट फिरवत राहिला आणि ओरडला, “बाई, सांधाच नाही!” त्याच्या गटातल्या मुलीने लगेच विचारले, “मग बाहेरून आणलाच नाही का खांब?” 8व्या शतकातील कारागिरांनी भोवतीचा खडक काढून टाकत मंडप मागे ठेवला, हे मी सांगण्याआधीच ती या उत्तराच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. त्याच संध्याकाळी मी खेळात आणखी एक ठिकाण वाढवले : छिन्नीच्या खुणा कोणत्या दिशेने गेल्या आहेत, ते हात लावून नव्हे, नीट पाहून सांगा.