हॅझॉपच्या टेबलावर ऑपरेटरची खुर्ची

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून समुद्राकडे निघालं की पेर्निस, बोटलेक, युरोपोर्ट अशी टाक्या नि चिमण्यांची रांग संपता संपत नाही. आपल्या गोव्यातल्या वेर्णा आणि कुंडई या औद्योगिक वसाहती मिळून इथल्या एका कोपऱ्यात मावतील. डिचोलीहून फोन आला की हमखास विचारणा होते, "अरे, एवढ्या केमिकलच्या शेजारी राहायला भय नाही वाटत?" वाटतं की. पण इथे त्या भयाचंही वेळापत्रक आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता देशभर धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. बायकोने पहिल्यांदा ऐकला तेव्हा गॅस बंद करून ती बाल्कनीत धावली. शेजारच्या आजी शांतपणे कपडे वाळत घालत होत्या.

माझं काम प्रोसेस सेफ्टीचं. कारखाना सुरू होण्याआधी आणि नंतरही दर काही वर्षांनी, कुठे काय बिघडू शकतं हे बसून शोधायचं. त्यातली सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे हॅझॉप, हॅझर्ड अँड ऑपरेबिलिटी स्टडीचं छोटं रूप. १९६०च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ती आकाराला आली. ड्रॉइंग पडद्यावर लावायचं, प्लांटचे तुकडे, म्हणजे नोड पाडायचे आणि प्रत्येक नोडला तेच प्रश्न विचारत राहायचे. प्रवाह थांबला तर? जास्त झाला तर? उलटा फिरला तर? तापमान चढलं तर? कारण काय, परिणाम काय, अडवायला आज काय आहे, हे सगळं लिहून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण जेवणानंतरच्या सत्रात निम्मी खोली पेंगते. इथलं जेवण म्हणजे थंड पाव आणि चीज, तरीही.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. नवीन वाटली ती टेबलावरची एक खुर्ची. ती पाळीत काम करणाऱ्या ऑपरेटरची असते आणि तो आल्याशिवाय मीटिंग सुरूच होत नाही.

एकदा सॉल्व्हंटच्या टाकीचा नोड चालू होता. टाकीतल्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरून ठेवतात, हवा आत शिरून वाफेशी तिचं स्फोटक मिश्रण होऊ नये म्हणून. प्रश्न आला, नायट्रोजन बंद पडला तर? आम्ही इंजिनिअरांनी पटकन सांगितलं, प्रेशर उतरल्याचा अलार्म आहे, ऑपरेटर बघेल. कोपऱ्यातला दाढीवाला गडी तोवर गप्प बसून कॉफी पीत होता. तो म्हणाला, "तो अलार्म टाकी रिकामी करताना रात्रभर कोकलतो. आम्ही तो गप्प करून ठेवतो." मीटिंग चालवणाऱ्या बाईंनी लेखनिकाला एवढंच सांगितलं, "अलार्म खोडा." एक संरक्षण गेलं, धोक्याची श्रेणी चढली आणि नवीन इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्रणा आपोआप थांबवणारी सोय, बसवायची शिफारस झाली. प्लांट मॅनेजर तिथेच बसले होते. खर्च त्यांच्या बजेटातून जाणार होता, तरी "अलार्म गप्प का केला" असं कोणी त्या ऑपरेटरला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढच्या नोडला त्याने तोंड उघडलं असतं का?

मला गोव्यातला आमचा जुना कारखाना आठवला. हॅझॉपला मुंबईचा सल्लागार आला होता. एसी खोलीत प्लांट हेड, क्वालिटीवाले आणि आम्ही इंजिनिअर. सत्तरी तालुक्यातले एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, सगळे त्यांना बाब म्हणत. ते बाहेर रिअॅक्टरवर, म्हणजे रासायनिक प्रक्रिया चालते त्या भांड्यावर. जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली की जनरेटर चालू होतो, पण थंड पाण्याचा पंप आपोआप लागत नाही, कोणीतरी धावत जाऊन बटण दाबावं लागतं, हे बाबांना ठाऊक होतं. उष्णता सोडणारी प्रक्रिया चालू असताना तेवढी मिनिटं सोन्याच्या मोलाची. ड्रॉइंगवर मात्र पंपाचं नुसतं चिन्ह. वीज जाण्याच्या बाबतीत गोयकारांकडे जो अनुभव आहे तो इथल्या कोणाकडे नाही, हे मी इथे मीटिंगमध्ये अभिमानाने सांगतो.

ट्रेनिंगची तीच कथा. आपल्याकडे ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, छातीला बिल्ला, शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि हजेरीच्या कागदावर सही. इथे कंत्राटी कामगारालाही व्हीसीएची, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते, ४० प्रश्नांची. शिवाय बऱ्याच कारखान्यांत गेटवर फिल्म बघून उत्तरं बरोबर आल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्या ट्रेनिंगांत भोपाळची स्लाइड ठरलेली. ती आली की सगळे माझ्याकडे बघतात.

बघू देत. यांचं घरही काही धुतल्या तांदळासारखं नाही. २०११च्या जानेवारीत इथून जवळच्या मुर्डाइकला, रसायनं साठवणाऱ्या कारखान्यात, थंडीने गोठलेला पंप गॅसच्या बर्नरने शेकून मोकळा करायला गेले आणि आख्खा कारखाना जळाला. त्याआधी ब्रिटनमध्ये फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी २८ माणसं गेली. पाचवा रिअॅक्टर दुरुस्तीला काढून चौथा नि सहावा तात्पुरत्या पाइपने जोडला होता आणि त्या पाइपचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. कायदे तिथेही आणि आपल्याकडेही माणसं गेल्यावरच आले. भोपाळनंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यात कलमं घातली गेली. सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाइतक्याच जागा, धोका दिसला तर बोलून दाखवायचा हक्क, शेजारच्या वस्तीला माहिती देण्याची सक्ती. म्हणजे बाबांची खुर्ची कागदावर होतीच.

आणि शेजारच्या वस्तीचं म्हणाल, तर २०१८च्या जानेवारीत गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोकांना रात्री घरं सोडावी लागली. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण द्रवरूपात सांडला की थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. अशा वेळी वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने पळायचं नसतं, वाऱ्याला आडवं निघायचं. नाकातोंडावर ओलं फडकं धरलं तर थोडा उपयोग होतो, कारण हा वायू पाण्यात पटकन विरघळतो. चतुर्थीला घरी येतो तेव्हा हे मी सगळ्यांना सांगत सुटतो आणि बायको मला मोदक देऊन गप्प करते.

भाचा यंदा फर्मागुढीच्या आयटीआयमधून बाहेर पडून एका कारखान्यात लागला. "मामा, पहिल्या दिवशी काय विचारू?" मी सांगितलं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी कुठे टांगली आहे ते बघ, जमायची जागा विचार आणि हॅझॉपमध्ये तुझ्या सेक्शनबद्दल काय लिहिलंय ते बघायला माग.

परवा त्याचा फोन आला. पिशवी आहे, फाटलेली. जमायच्या जागेवर साहेबांच्या गाड्या लावतात. आणि हॅझॉपचा रिपोर्ट कपाटात आहे, ऑडिट असेल तेव्हाच काढतात. चावी एचआरकडे.