लँडस्केपसाठी कृष्णधवल फिल्म: चारावरून दोनावर

अकरा रोल झाले. सुरुवातीला बॅगेत चार फिल्म होत्या, आता दोनच उरल्यात. आणि ज्या ग्रेनसाठी, म्हणजे फोटोतल्या रवाळपणासाठी, हा सगळा खटाटोप मांडला होता, त्याचा निवडीशी फारसा संबंधच राहिला नाही.

पॅन एफ प्लस आधी बाद. आयएसओ (फिल्मचा स्पीड, म्हणजे प्रकाशाला ती किती संवेदनशील) ५०, ग्रेन शोधावा लागतो, पण कॉन्ट्रास्ट जात्याच जास्त. भर उन्हात खडकांचा पांढरा भाग आणि कपारीतला काळोख, दोन्ही एका निगेटिव्हवर मला काही जमले नाहीत. शिवाय एक्स्पोज केलेला रोल फार दिवस न ठेवता डेव्हलप करावा लागतो, आणि माझा रोल तर कॅमेऱ्यातच दोन-दोन महिने रेंगाळतो. एचपी५ प्लसबद्दल तक्रार काहीच नाही. फक्त ट्रायपॉड लावल्यावर ४०० स्पीडचं करायचं काय?

उरल्या एफपी४ प्लस आणि अ‍ॅक्रॉस १०० टू. इथे मी एक रोल वाया घालवला. पहाटेचा ओढा, भिंगावर लाल फिल्टर. लाइट मीटर म्हणाला ४ सेकंद, फिल्टरचे ३ स्टॉप (दर स्टॉपला वेळ दुप्पट) धरून ३२. मी एफपी४ला बरोबर ३२ सेकंद दिले आणि खुशीत घरी आलो. निगेटिव्हवर पाणी ठीक, पण झाडांखालची सावली म्हणजे कोरी काच. मंद प्रकाशात फिल्म आळसावते, म्हणजेच रेसिप्रॉसिटी फेल्युअर. हे माहीत होतं, हिशेब तेवढा केला नव्हता. एफपी४साठी तिच्या उत्पादकाने, इलफर्डने, दिलेला घातांक १.२६ आहे, म्हणजे मोजलेल्या सेकंदांचा १.२६वा घात घ्यायचा. त्याने ३२ सेकंदांचे ७९ होतात. म्हणजे सव्वा स्टॉपहून जास्त कमी पडलं. डेटाशीट बॅगेतच होती, घडी न मोडलेली!

अ‍ॅक्रॉसला १२० सेकंदांपर्यंत अशी भरपाई लागत नाही. पहाटेसाठी आता तीच. पण ती लाल रंगाला जरा कमी दाद देते, त्यामुळे लाल फिल्टरला नेहमीचे ३ स्टॉप पुरत नाहीत. ढग उठावदार हवे असतील तर मी एफपी४वरच जातो, आणि तेही नारिंगी फिल्टरने. लाल फिल्टरने आकाश इतकं काळं पडतं की भरदुपारी रात्र झाल्यासारखं वाटतं. मला तो नाटकीपणा रुचत नाही, ज्यांना रुचतो त्यांनी खुशाल वापरावा.

पुढचा रोल एफपी४, तोच ओढा, नारिंगी फिल्टरचे २ स्टॉप. ४ चे १६ होतील, आणि घातांकाच्या हिशेबाने १६ चे ३३. एक फ्रेम १६ची, शेजारी एक ३३ची.