आमची वाटचाल: केबल टीव्हीपासून फायबरपर्यंत, आणि आता लाईन कुणाला द्यायची हा प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगावहून वेंगुर्ला रोडला हिंडलगा सोडलं की सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची, ह्या पट्ट्यात आमचं इंटरनेट चालतं. बरेच जण विचारतात धंदा कसा सुरू केला, म्हणून लिहायला घेतलंय, आणि हल्ली अजून एक प्रश्न सारखा येतो की तुमच्या केबलवरून दुसऱ्या कंपनीला नेट देऊ द्याल का, तर त्याचं पण उत्तर ह्यातच देतो.

सुरुवात वडिलांनी केली, केबल टीव्हीनं. कर्नाटकात राहून मराठी बघायचं तर त्या काळात केबलशिवाय इलाज नव्हता, अल्फा मराठी 1999 ला आणि ईटीव्ही मराठी 2000 ला सुरू झालं आणि मग काय, गल्लीगल्लीतून लोक येऊन मागायला लागले. छतावर डिश, खाली काळी केबल, महिन्याला घरी जाऊन वसुली. नंतर सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, खेड्यांत 2017 च्या मार्चपर्यंत, आणि त्याच्या आधीच 2016 ला जिओ आलं, पोरं टीव्ही सोडून मोबाईलवर बघायला लागली. तेव्हा मी वडिलांना म्हटलं की आता फायबर ओढूया नाहीतर दुकान बंद करूया. आम्ही कॅटेगरी सी लायसन्स घेतलं, ओएलटी (आमच्याकडचं मुख्य मशीन, ज्यातून सगळ्या घरांना फायबर जाते) आणला, अप्रेंटिस पोरांना स्प्लायसिंग, म्हणजे फायबरला फायबर जोडायचं, शिकवलं.

कॅटेगरी सी म्हणजे काय तर साधारण एका जिल्ह्यापुरतं. त्यामुळं आमची लाईन बाचीत थांबते. पुढं शिनोळी, तिथं औद्योगिक वसाहत, कारखाने, गिऱ्हाईक तयार बसलेत, पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे टेलिकॉमच्या हिशोबानं महाराष्ट्र सर्कल, आमच्या लायसन्सच्या बाहेर. खांबावरून बघितलं तर शिनोळी दिसतीय आणि आम्ही कनेक्शन देऊ शकत नाही. रोडवरून वायव्यची, म्हणजे कर्नाटकची सरकारी बस जाते आणि महाराष्ट्राची एसटी पण जाते, दोघांना रस्ता एकच, डांबर दोघांनी वेगवेगळं नाही टाकलं. लाईनचं पण असंच का नको, हा विचार डोक्यात तिथूनच आला बघा.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडं एक मोठी कंपनी आली आणि आमच्याच खांबांवरून तिसरी केबल टांगायला लागली. आधी वीजवाल्यांची तार, मग आमची केबल, मग अजून एकाची, आणि आता ही तिसरी. ऊसाचा सीझन चालू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ऊस इतका वर रचतात की खाली लोंबलेली केबल अडकते आणि ओढून नेतात, मग एकाचीच नाही, तिघांची एकदम तुटते. रात्री टॉर्च तोंडात धरून जेसी बॉक्स (जोडाचा डबा) उघडायचा, कोअर (केबलमधला काचेचा धागा) सोलायची, क्लीव्ह करायची म्हणजे टोक सरळ कापायचं, स्प्लायस मारायचा, मीटरवर प्रकाशाची ताकद उणे 20 डीबीएमच्या आसपास आली की जीवात जीव, उणे 27 च्या खाली गेली की गिऱ्हाईकाच्या घरात लाल लाईट पेटलीच म्हणून समजा. एकाच खांबाखाली तीन माणसं तीन मशीन घेऊन उभी, तीच गल्ली, तेच घर. हे खर्चाचं वेड नव्हे तर काय!

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. लाईन दुसऱ्याला द्यावी, पण भाड्यानं द्यावी आणि सगळ्यांना एकच दर असावा, मालकाच्या स्वतःच्या कंपनीला पण. ब्रिटनमध्ये 2006 ला ओपनरीच म्हणून बीटीची (तिथली जुनी मोठी टेलिफोन कंपनी) लाईनवाली शाखाच वेगळी काढली, ती बीटीला आणि बाकीच्यांना सारख्याच अटीवर लाईन देते. अमेरिकेनं 1996 च्या कायद्यात जुन्या टेलिफोन कंपन्यांना लाईन द्यायला लावलं, पण 2003 ला नवीन फायबरला मोकळं सोडलं, कारण म्हणे सक्ती केली तर नवीन फायबर टाकणार कोण. हे पण खरं आहे, मी कर्ज काढून केबल ओढली आणि उद्या कुणी फुकटात वापरली तर मी परत एक मीटर पण ओढणार नाही. आपल्याकडं 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाच्या वेळी ट्रायनं (टेलिकॉमवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तांब्याच्या लाईन दुसऱ्या कंपन्यांना खुल्या करा असं सांगितलं होतं, सरकारनं ते कंपन्यांच्या आपसातल्या करारावर सोडलं. आपसात सोडलं म्हणजे मोठा हो म्हणेल तर हो.

त्यात एक तांत्रिक भानगड आहे ती लोकांना कळत नाही. आमच्या फायबरचं झाड असतंय, ओएलटीच्या एका पोर्टमधून स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा तुकडा) लावून 32 नाहीतर 64 घरं जातात, त्यामुळं एकेका घराची वायर सोडवून दुसऱ्या कंपनीला देता येत नाही, तांब्याच्या फोनलाईनसारखं नाही. दोनच रस्ते, एक तर रिकामी कोअर भाड्यानं द्यायची, नाहीतर आमच्याच ओएलटीवर त्यांचं वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच लाईनवर त्यांच्या गिऱ्हाईकांचा वेगळा मार्ग, करून द्यायचं. पहिला सोपा. दुसऱ्यात गिऱ्हाईक त्यांचा, तक्रार मात्र आमच्या पोरांकडं, सर्व्हर त्यांचा बंद आणि शिव्या आम्हाला.

शेवटी आम्ही एका लहान ऑपरेटरला उचगाव ते तुरमुरी रिकाम्या कोअर दिल्या, वेगळी केबल टांगायची नाही ह्या अटीवर. लेखी ठरलंय: भाडं महिन्याच्या आत, तुटलं तर जोडायचा खर्च निम्मा निम्मा, आणि रात्री जो आधी पोचेल त्यानं दोघांच्या कोअर जोडायच्या, आपल्याच जोडून जायचं नाही. मोठ्या कंपनीला पण हाच कागद दाखवला, ते म्हणाले वरून विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. बाचीतल्या एकानं मात्र परवा विचारलं, त्याला तोच दर सांगितलाय, त्या टप्प्यात चार कोअर अजून रिकाम्या आहेत.