चिक्कोडीच्या खालची जागा

सुट्टीत बेळगावला आले की कुणी ना कुणी विचारतंच. परवा वडगावात शेजारच्या काकूंच्या मुलानं विचारलं. त्याला यंदा डिझाइनला जायचंय. "ताई, वेबसाइटच्या आयडिया तुला सुचतात कुठनं? कुठली साइट बघतेस?" घाईत होते, पिंटरेस्ट, बिहान्स अशी दोन नावं सांगून निघाले. पण ते खरं उत्तर नव्हतं, आणि ते मनाला लागून राहिलं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

त्या साइट मीही बघते. पहिल्या वर्षी तर जागून जागून बघायचे. तिथं पूर्ण झालेलं पान दिसतं. ते करणाऱ्याला कशाची अडचण होती, हे दिसत नाही. ही गोष्ट मला मामाच्या साड्यांच्या दुकानाचं पान करताना कळली.

मामाचं दुकान खडेबाजारात. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कन्नड, त्यामुळे पानही दोन्ही भाषांत हवं. मला एक परदेशी पान फार आवडलं होतं. त्यातला अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर सोडलेला मोठा मथळा मी उचलला. इंग्रजीत तो देखणा होता. मराठीला तेवढंच लेटर-स्पेसिंग दिलं आणि शिरोरेषा तुटली, 'शहापूर'चे चार तुकडे झाले. खाली साड्या कुठंकुठं पोचवतो त्या गावांची यादी होती: खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, संकेश्वर. मराठीत ती छान बसली. कन्नडमध्ये मात्र चिक्कोडीतला दुसरा 'क' खालच्या हुक्केरीच्या डोक्याला जाऊन टेकला. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर शेजारी बसत नाही, खाली लोंबतं. ओत्तक्षर म्हणतात त्याला. बसच्या पाट्यांवर लहानपणापासून वाचत आलेय मी हे, पण त्याला वेगळी जागा लागते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दोन दिवस अंतर वाढव, कमी कर, हेच चाललं होतं. मग एका सकाळी शहापुरात एक पेंटरकाका दुकानाची पाटी रंगवत होते, तिथं थांबले. फ्लेक्स आल्यापासून हाताने पाटी लिहिणारं माणूस दिसणंच दुर्मीळ झालंय. त्यांनी खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणला, मध्ये टिचकी मारली. सरळ रेघ उमटली. मराठी नावासाठी दोन रेघा मारल्या आणि अक्षरं वरच्या रेघेपासून खाली लिहीत गेले. कन्नड नावासाठी तिसरी रेघ मारली, बरीच खाली.

"काय गं, एवढं काय बघालीस?"

म्हटलं, काका, ती तिसरी रेघ कशाला?

"कन्नडाला खाली पाय सोडून बसायला लागतंय की. मराठी काय, वरच्या दांडीला लोंबकाळतंय."

मी दोन दिवस स्क्रीनसमोर जे शोधत होते ते एवढंच होतं. घरी येऊन मराठीचं लेटर-स्पेसिंग शून्य केलं; मथळ्याला जोर द्यायला अक्षर जाड केलं, रंग बदलला. ओळींमधलं अंतर भाषेप्रमाणे वेगळं ठेवलं, मराठीला अक्षराच्या मापाच्या 1.5 पट आणि कन्नडला 1.8 पट. अक्षरांसाठी 'बालू' नावाची फाँट घेतली. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी ती अनेक भारतीय लिप्यांत केली आहे, आणि देवनागरी सोडून बाकीच्या लिप्यांत नावापुढे त्या-त्या भाषेतली भावाची हाक आहे: गुजरातीत बालू भाई, पंजाबीत बालू पाजी, कन्नडमध्ये बालू तम्मा. आमच्या गल्लीत धाकट्याला तम्मा म्हणणारी निम्मी घरं आहेत. दोन लिप्या एका पानावर भावंडांसारख्या शोभल्या पाहिजेत, हे मला त्या नावानं फार जवळून कळलं.

दुसरी गोष्ट आजीच्या इरकल साडीची. तिच्या पदरावर कसुतीचं, म्हणजे आमच्याकडच्या सुईदोऱ्याच्या भरतकामाचं, तुळशीवृंदावन आहे. कसुतीत आधी कापडावर चित्र काढून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती टाक्यात सुई एकदा पुढे जाते आणि परत येताना राहिलेल्या मोकळ्या जागा भरते, म्हणून उलट-सुलट दोन्हीकडून नक्षी सारखीच. ते वृंदावन मी चौकटीच्या वहीत घरं मोजून उतरवलं. त्यातल्या रेघा 24 बाय 24 च्या आयकॉनमध्ये जशाच्या तशा बसल्या, कुठं अर्धा पिक्सेलही सांडला नाही. दुकानाच्या पानावरचे सगळे आयकॉन त्याच मापात आहेत.

सगळ्याचं लगेच काही होतं असं नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, छतावरचं दगडी कमळ मी तीन वेळा रेखाटलंय. बस्ती 1204 सालची. त्या कमळाचं कुठल्याच कामात अजून काही झालेलं नाही. वही जपून ठेवलीय.

मामाचं पान पुरं झाल्यावर मी ते पेंटरकाकांना फोनवर दाखवायला गेले. त्यांनी हात पुसले, फोन डोळ्यांजवळ धरला आणि गावांची यादी सावकाश वाचली. मग चिक्कोडीच्या खाली नखानं दाखवत म्हणाले, "अजून जरा सोड."

सोडली. आता 1.9 आहे.