पावसात रंग काढायचा, थंडीत चढवायचा

कोकणात रेल्वे इंजिनाचं मॉडेल रंगवायचं असेल तर आधी कॅलेंडर बघावं, रंगाचं दुकान नंतर. मृग लागला की दसऱ्यापर्यंत माझा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन, कपाटातच असतो. कुडाळच्या हवेत तेव्हा इतका दमटपणा असतो की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि चकचकीत निळा रंग दुधी होतो. गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजवाल्यालाही हे ठाऊक असतं. जुना रंग काढायला मात्र पावसाळ्यासारखा काळ नाही. माझं मेडिकलचं दुकान लवकर ओस पडतं, संध्याकाळ मोठी होते, आणि या कामाला घाई चालतच नाही.

यंदा हाताशी आहे ते डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल, एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून १९६२ मध्ये ही इंजिनं भारतात आली, पुढे वाराणसीला बनू लागली. २६०० अश्वशक्तीचं, काळा धूर ओकणारं हे धूड माझं फार लाडकं. मॉडेल सेकंड हँड मिळालं. आधीच्या मालकाने कारखान्याच्या रंगावर ब्रशने ऑइलपेंट फासला होता. अशा लेपाने काय बिघडतं ते हिशेबाने बघा. मॉडेलवर ०.१ मिलिमीटरचा जाड थर म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ ९ मिलिमीटरचा गिलावा. बॉनेटच्या दरवाजांच्या कड्या, बिजागऱ्या, जाळ्यांच्या पट्ट्या सगळं त्यात बुजून जातं. म्हणूनच जुन्यावर नवा रंग मारणं मला पटत नाही.

आधी बॉडी चॅसीपासून, म्हणजे खालच्या सांगाड्यापासून, सोडवायची. काचा, हाताने धरायच्या दांड्या, डबे जोडायचे कपलर, बल्ब सगळं वेगळं करून खणांच्या डब्यात ठेवायचं. मोटर आणि गिअरला कुठल्याही रसायनाचा थेंब लागता कामा नये. मग उरलेली नुसती प्लॅस्टिकची बॉडी झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायची. माझं मेडिकलचं दुकान असल्याने ते हाताशी असतं, पण हवं ते ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझरच्या पातळ मालाने जाड रंग हलत नाही. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून प्लॅस्टिक मऊ पडत नाही ना, हे बघायचं. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आणि जवळपास गॅस किंवा देवापुढची निरांजनही नको. हे पेट घेतं. एनसी थिनर आणि ॲसिटोनच्या वाटेला जाऊच नका, त्यात बॉडीचं एबीएस प्लॅस्टिक विरघळतं.

सासूबाईंनी डब्यात डोकावून विचारलं, "काय गो, इंजिनाक आंघोळ घालतंस?" त्यांना मी डब्याच्या तळाशी सुटून पडलेले रंगाचे पापुद्रे दाखवले. तेव्हापासून टूथब्रश कुठला घ्यायचा, हे त्याच सांगतात.

अल्कोहोलला दाद न देणारा रंग डेटॉलमध्ये सुटतो. त्यात एक मेख आहे. डेटॉलमधून काढलेली बॉडी सरळ नळाखाली धरली की सुटलेल्या रंगाचा चिवट चिकटा होतो आणि नेमका जाळ्यांत जाऊन बसतो. पहिलं घासणं नव्या, निव्वळ डेटॉलमध्येच करावं, साबण-पाणी त्यानंतर. कोपऱ्यांना बांबूची टोकदार काडी वापरावी. सुई नको, तिचा ओरखडा नव्या रंगाखालूनही दिसतो.

रंग निघाला आणि लाँग हूडच्या, म्हणजे लांब बॉनेटच्या, कडेला दरवाजांची रांग दिसू लागली. प्रत्येक दरवाजाला दोन इवल्या बिजागऱ्या. अंगठ्याचं नख फिरवलं की कळतात. साचा कोरणाऱ्याने हे सगळं केलेलं होतं, इतकी वर्षं दिसत नव्हतं. मला या छंदात सर्वांत आनंदाचा क्षण हाच वाटतो, रंगवण्यापेक्षाही.

रंग गडद निळा, मधे क्रीम पट्टा. या रंगाचं खरं इंजिन मी रत्नागिरी स्टेशनवर बघितलं होतं, फोटोही आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये रोह्यापासून ठोकूरपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये सगळ्या मार्गावर विजेच्या तारा आल्या. मधली वर्षं डिझेलची. इंजिनं जिथे ठेवत त्या शेडगणिक वेगळे रंग असत. ते रंग आता फोटोंतच बघायला मिळतात, म्हणून छटा जुळेपर्यंत मी सोडत नाही.

दिवाळीनंतर राखाडी प्रायमर, मग क्रीम, तो पूर्ण वाळल्यावर पट्टा झाकायला तामिया कंपनीची मास्किंग टेप. टेपच्या कडेवर पुन्हा क्रीमचाच हलका फवारा मारायचा, म्हणजे फट राहिलीच तर तिच्यात क्रीम शिरतो आणि निळा खाली पाझरत नाही. निळ्याचे हात पातळ द्यायचे, चार पातळ चालतील पण एक जाड नको. एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी गाळणी, हवाच. थंडीतही टाकीच्या तळाशी पाणी साचतं, ते काढत राहावं.

चिकटचित्रं बसवण्याआधी ग्लॉस वॉर्निश, शेवटी मॅट. काजळी फक्त छतावर, धुराड्याच्या आसपास. बोगींवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यांवर, मात्र आपल्याकडची धूळ हवी. जांभ्याचा चुरा मी मलमलीतून गाळते आणि बोगींच्या बाहेरच्या चौकटी सुट्या करून त्यांवर कोरड्या ब्रशने बसवते. हा चुरा कणीदार असतो, गिअरमध्ये गेला तर दाते खातो. रुळांशेजारच्या जांभ्याच्या कापण्या ज्यांनी खिडकीतून बघितल्या आहेत त्यांना हा तांबूसपणा लगेच ओळखू येतो. दुकानातली तयार तपकिरी पावडर त्याच्या जवळपासही जात नाही.

काचा पांढऱ्या फेविकॉलने लावाव्यात, फेविक्विकच्या वाफेने त्या धुरकट होतात. माझ्या इंजिनाच्या काचा लावून झाल्या, दांड्या राहिल्यात. त्या पितळी तारेच्या वाकवून करणार आहे, कारण मूळच्या प्लॅस्टिकच्या दांड्या खऱ्याच्या मानाने फार जाड आहेत.