किल्ली कुठे ठेवलीय?

मागच्या दसऱ्याला आमच्याकडे नवा टीव्ही आला. नाशकातल्या एम. जी. रोडच्या दुकानातून दोन पोरं तो घेऊन इंदिरानगरला आली आणि भिंतीला चार भोकं पाडून टांगून मोकळी झाली. हिने टीव्हीला हळदीकुंकू वाहिलं, वरच्या कडेला झेंडूचं फूल ठेवलं. हल्लीच्या टीव्हीला कड म्हणावी इतकी जाडीच नसते. फूल तीनदा घरंगळलं, शेवटी सेलोटेपने चिकटवलं. मग त्या दोघांतला धाकटा रिमोट माझ्या हातात देत म्हणाला, "काका, वायफायचा पासवर्ड टाका."

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं.

"नेट तुम्ही घेतलंय," ही म्हणाली.

"घेतलं मी. पण तो पोरगा जोडायला आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो. घरी तू होतीस."

"होते ना. कढी गॅसवर, कुकरची तिसरी शिट्टी, आणि हा हॉलमधून ओरडतोय, काकू, पासवर्ड काय ठेवू? म्हटलं, काहीही ठेव. मला थोडाच वापरायचा होता!"

आता दिवसाचे चार तास वापरते, पण सणाच्या दिवशी तो मुद्दा काढण्यात शहाणपण नव्हतं. पोरांनी चहा घेतला, कागदावर माझी सही घेतली आणि "सापडला की टाका" म्हणून ती निघूनही गेली. आम्ही दोघं आणि टीव्ही एकमेकांसमोर बसलो.

आम्ही पासवर्ड विसरलो, असं म्हणणंही तसं खरं नाही. विसरायला आधी माहीत असावा लागतो. सहा वर्षांपूर्वी त्या पोराने आमच्या दोन फोनमध्ये काहीतरी टाकलं, तेव्हापासून फोन घरात शिरले की आपोआप जोडले जातात. पुढे फोन बदलले, पण तेव्हा लेक घरी असायची, तीच बघायची. म्हणजे आमच्या घराची किल्ली घरातल्या सगळ्या यंत्रांना ठाऊक होती, फक्त घरातल्या माणसांना नव्हती.

टीव्हीने आजूबाजूच्या वायफायची यादी दाखवली. एरवी जिन्यात मान हलवण्यापुरती ओळख असलेली आख्खी सोसायटी तिथे पाटी लावून उभी होती. एक 'साईकृपा', एक 'श्री स्वामी समर्थ', एक नुसताच फ्लॅट नंबर, आणि एकाने तर स्पष्ट 'मागू नका' असंच नाव ठेवलेलं. आमचं नाव कंपनीने दिलेलं तेच, चार अक्षरं आणि पुढे कसलासा आकडा.

मग अंदाज सुरू झाले. नेटवाली पोरं बहुतेक गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवतात, हे मला ऐकून माहीत होतं. माझा टाकला. नाही. हिचा टाकला. नाही. लेकीचा कॉलेजातला जुना नंबर, मग शून्य दोन पाच तीन लावून बंद पडलेला लँडलाइन. नाही. रिमोटने अक्षरं टाकणं म्हणजे काय असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. पडद्यावर अक्षरांचा पाट मांडलेला, आणि आपण बाणाचं बटण दाबत सोंगटी सरकवावी तसं 'ए'पासून 'पी'पर्यंत जायचं. एक घर पुढे गेलं की मागे. स्मॉलचं कॅपिटल करायचं तर खाली डाव्या कोपऱ्यापर्यंत वारी. इतकं करून पुन्हा तेच, 'पासवर्ड चुकीचा आहे'. स्कूटरचा नंबर एमएच पंधरासकट टाकला, तोही चुकीचा. नुसतं 'मोरया' टाकलं तर खालचं जोडणीचं बटण उमटेचना. तेव्हा कळलं की आठ अक्षरं झाल्याशिवाय ते जागंच होत नाही. वायफायच्या नियमाप्रमाणे पासवर्ड कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा असतो. त्रेसष्ट हा आकडा ऐकून मी रिमोट खाली ठेवला.

दहीपुलाजवळच्या आमच्या वाड्याला दिवसभर कुलूप नसायचं. रात्री दिंडी दरवाजाला आतून अडसर, बस्स. खोल्यांना कडीकोयंडा होता आणि पितळी कुलपंही होती, पण सगळ्यांच्या किल्ल्या आजीच्या कनवटीला. आजी गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) गेली असेल तर किल्ली देवघराच्या कोनाड्यात, समईच्या मागे. हे वाड्यातल्या अकराही बिऱ्हाडांना माहीत होतं. दूधवाल्यालाही होतं, आणि मांजरीला नसेल असं छातीठोक सांगता येणार नाही. चोरी झाल्याचं मला आठवत नाही. चोरण्यासारखं काही नव्हतं हेही एक कारण असेल.

पासवर्डचं मूळच मुळी एका भाडेकरू-वाड्यात आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच अगडबंब संगणक अनेकांनी मिळून वापरायची सोय झाली. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याला त्याला आपापला पासवर्ड दिला. तिथे ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास मिळायचे, ते पुरेनात. १९६२ मध्ये त्याने संगणकालाच सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापायला सांगितली आणि संगणकाने ती इमानेइतबारे छापून दिली. कुलूप बसवून रंगही वाळला नव्हता, तोवर किल्ल्यांचा जुडगा बाहेर. मला त्या शेरचं कौतुक वाटलं. तो इतरांचे पासवर्ड मिळवत होता, मला माझा एक मिळेना.

तर राउटर, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारी ती डबी. तो आमच्याकडे चपलांच्या कपाटावर, हिने विणलेल्या क्रोशाच्या रुमालावर बसवलेला आहे. त्याच्या बुडाला स्टिकर असतो आणि त्यावर पासवर्ड छापलेला असतो, असं समोरचे अण्णा म्हणाले. अण्णा सोनं द्यायला आले होते. आपट्याचं पान हातातच राहिलं आणि ते मोहिमेत सामील झाले. मी राउटर उलटा करायला उचलला, तर मागची पिवळी वायर ताणली जाऊन एक दिवा लाल लुकलुकायला लागला. ही वायर आतून काचेची असते, दोऱ्याइतकी बारीक, आणि फार वाकवली तर उजेड आतल्या आत गळतो. आमचा श्वासही तेवढ्यापुरता अडकला. वायर सरळ केल्यावर दिवा पुन्हा हिरवा झाला. स्टिकरवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. अण्णांनी फोनने फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला, आणि चश्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर वाचलं. मी ते रिमोटने टाकलं. चुकीचा. तो कारखान्यातून आलेला पासवर्ड होता, आणि आमच्या नेटवाल्या पोराने तो इमानदारीने बदललेला होता.

स्टिकरवर आणखी एक आकडा होता, १९२.१६८.१.१. जोडलेल्या फोनवर हा आकडा टाकला की राउटरचं आतलं कपाट उघडतं. मला आधी वाटलं, हा आमच्या घराचा खास पत्ता. तर तसं नाही, १९२.१६८ने सुरू होणारे आकडे १९९०च्या दशकातच खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, आणि आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत हाच पत्ता असेल. 'मारुतीच्या देवळाजवळ' म्हटल्यासारखं आहे ते. प्रत्येक गावात खरं, आणि गावाबाहेर निरुपयोगी. मी फोनवर तो आकडा टाकला आणि कपाटाचं दार समोर आलं. दाराने विचारलं, पासवर्ड? हा वेगळा पासवर्ड. वायफायचा नव्हे, राउटरच्या धन्याचा. अण्णा म्हणाले, नाव आणि पासवर्ड, दोन्हीकडे 'ॲडमिन' टाका, सगळीकडे चालतं. आमच्याकडे चाललं नाही. किल्ली हरवली ती हरवली, किल्ल्यांच्या कपाटाचीही हरवली.

नेटवाल्या त्या पोराचा नंबर लावला तर तो सटाण्याच्या एका द्राक्षबागायतदाराने उचलला. आमच्या पोराने नंबर सोडून दिला होता म्हणे. बागायतदार बिचारा भला माणूस, त्याने दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. ऑफिसात कोणीतरी होतं. "सर, आज सुट्टीए. मागे बारीक भोक असेल, त्यात पिन घाला, दहा सेकंद दाबा, रिसेट मारा." फोन बंद.

अण्णांनी लगेच हिच्याकडे सेफ्टी पिन मागितली. हिने पदराची काढून दिली. अण्णा राउटरवर असे वाकले होते, जणू लहान पोराचे कान टोचायला सोनार बसलाय.

तेवढ्यात मला सुचलं की लेकीला विचारावं. हे आधी का सुचलं नाही, असं तुम्ही विचाराल. ती पुण्यात याच कामाचा पगार घेते, आणि तिला विचारलं की ती आधी उसासा टाकते. तो उसासा आम्ही दोघंही शक्यतो टाळतो.

"अण्णाकाकांना सांगा, पिन काढा!" ती ओरडलीच. "कंपनीने दिलेलं युजरनेम राउटरच्या आत असतं. रिसेट केलं तर वायफायच्या पासवर्डबरोबर तेही जाईल. मग टीव्हीच काय, फोनलाही नेट नाही. आणि तो माणूस सोमवारी येणार." अण्णांनी पिन परत केली, जराशी नाराजीने.

हे सगळं चाललं असताना मला सारखा रामकुंड आठवत होता. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे लांब लांब आडव्या वह्या असतात. कोणी कुठून कुठून येतो, गाव सांगतो, आडनाव सांगतो, आणि गुरुजी मांडी न बदलता मागे हात घालून नेमकी वही ओढतात. पानं उलटतात, आणि तुमच्या पणजोबांनी कधी काळी येऊन केलेली मोडीतली सही तुमच्यासमोर ठेवतात. आमच्याकडे एकदा नागपूरकडचे पाहुणे आले होते. त्यांच्या चार पिढ्या पाच मिनिटांत निघाल्या. गोदावरीला इतके पूर आले, पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडाला, पण वह्या त्याआधी वरच्या मजल्यावर गेलेल्या असायच्या. त्याच गावात राहून मला सहा वर्षांपूर्वीचा एक शब्द शोधायला एवढी यातायात.

"बाबा, तुमचा फोन वायफायला जोडलाय ना? सेटिंगमध्ये जा. वायफाय. आपल्या नावावर दाबा. शेअर असं दिसतंय?"

दिसत होतं. दाबलं, अंगठा मागितला, दिला. पडद्यावर भाजीवाल्याकडे असतो तसा काळापांढरा चौकोन आला.

"आता हा वाचायचा कसा? फोन स्वतःलाच कसा बघणार?"

"आईच्या फोनने त्याचा फोटो काढा आणि मला पाठवा."

ही पोळ्या लाटत होती. पिठाच्या हाताने तिने फोटो काढला. पहिला अंगठ्याचा आला, दुसरा बरोबर. पाठवला. पलीकडे शांतता. मग एक विचित्र आवाज, खोकल्यासारखा.

"सापडला?"

"सापडला. बाबा, पासवर्ड आहे... काहीही ठेव."

"अगं, नवा नंतर ठेवू. आधी आहे तो सांग."

"तेच सांगतेय. काहीही ठेव."

"असं कसं काहीही ठेवू? दुपारपासून चौदा वेळा चुकीचा म्हणतोय हा."

"बाबा!" आता ती उघड हसत होती. "के, ए, एच, आय, एच, आय. टी, एच, ई, व्ही. सगळी स्मॉल. काहीही ठेव. हाच पासवर्ड आहे."

मी वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. ही दारात उभी होती, हातात लाटणं.

"मी दुपारपासून दुसरं काय सांगतेय?" ही म्हणाली.

नंतर लेकीने आणि मी फोनवर बसून अंदाज बांधला. त्या पोराने आधी नुसतं 'काहीही' टाकलं असणार. इंग्रजीत ती सहा अक्षरं भरतात. राउटर म्हणाला असेल, आठ हवीत. पुन्हा विचारायला गेला असता तर कढी उतू गेली असती. मग त्याने हिच्या वाक्यातला उरलेला शब्दही टाकून दिला. हुकूम शब्दशः पाळणारा असा माणूस आजकाल मिळत नाही. त्याचा नंबर असता तर आभार मानले असते. (पासवर्ड आता बदललाय. सोसायटीतल्या वाचकांनी उगाच कष्ट घेऊ नयेत.)

टीव्ही पहिल्या फटक्यात जोडला गेला. झेंडूचं फूल सेलोटेपसकट खाली आलं. ही हात पुसत सोफ्यावर बसली आणि तिने रिमोट माझ्या हातातून घेतला, तो अजून परत मिळायचाय.

रात्री जेवणं झाल्यावर मी अण्णांकडे सोनं द्यायला गेलो. ते दारातच होते.

"लागला का टीव्ही?"

"लागला."

"मग? काय निघाला पासवर्ड?"

"काहीही ठेव."

अण्णांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "नको सांगूस," ते म्हणाले, "मला काय करायचाय तुझा पासवर्ड!" आणि माझ्या हातातलं पान घेऊन त्यांनी दार लावून घेतलं. दोन दिवस आमचा पेपर मागायला आले नाहीत.